परफ्यूमच्या जुन्या बाटल्या: काच कोणाची, डिझाइन कोणाचं, कसं ओळखायचं?

मोगरकळी

नमस्कार मंडळी,

आत्याने आयुष्यभर जमवलेल्या परफ्यूमच्या जुन्या बाटल्यांची नोंदवही करायचं काम माझ्याकडे आलंय. तिचा आग्रह आहे की प्रत्येक बाटलीपुढे काच कोणी घडवली, डिझाइन कोणाचं आणि साधारण कोणत्या काळातलं हे लिहिलेलं असावं, आणि जे नक्की माहीत नाही ते माहीत असल्यासारखं लिहू नये. बऱ्याच बाटल्या तिच्या टिपणांवरून लागल्या. चार मात्र अडून बसल्यात. फोटोत काच नुसती चकाकते आणि खुणा दिसतच नाहीत, म्हणून भिंग आणि टॉर्च घेऊन जे दिसलं ते लिहिते.

पहिली: बिनरंगी जाड काच, बुचासकट १५ सेंमी. बाटली ठेंगणी आणि बूच तिच्याहून उंच, वर पसरत गेलेलं. बुचावर दोन स्त्रिया आणि फुलांच्या माळा. आकृत्या धुरकट, कडा चकचकीत. बुडावर 'आर. लालिक' असं कोरलंय. विकणाऱ्याने आत्याला ती लालिकची, म्हणजे त्या नामांकित फ्रेंच काचकाराची, म्हणूनच दिली होती. पण टॉर्च आडवा धरला तेव्हा शेजारी एक अंडाकृती, अगदी पुसट शिक्काही दिसला: 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया'.

दुसरी: फवाऱ्याची. उंच, सडपातळ, खाली गोल पाय. सोनेरी काच, तिरकी केली की निळी-जांभळी झाक येते. धातूचं डोकं, रबरी फुगा कडक होऊन तडकलाय. डोक्यावर 'डेव्हिलबिस' ठोकलंय. आत्याच्या टिपणात 'स्ट्युबेन?' असं एका अमेरिकी काच कारखान्याचं नाव प्रश्नचिन्हासह आहे.

तिसरी: गेर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीची शालिमार, लेबल शाबूत आहे. निळं बूच, पसरट अंग, खाली पाय. ही बकारा या फ्रेंच क्रिस्टल कारखान्याची असते असं सगळीकडे वाचलं, पण बुडावर 'बकारा' कुठेच नाही. 'एच' आणि 'पी' ही दोन अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसतात.

चौथी: चौकोनी खांद्यांची, साधी, वजनदार. लेबल नाही, शिक्का नाही. बुचाच्या, बाटलीत जाणाऱ्या भागावर बारीक '३७' खरवडलंय. आत्याला वाटतं तो मॉडेल नंबर असावा. ही बकाराची असल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

कोणी वाट दाखवेल का?

गंधवेडा

पहिली तर लालिकच वाटतेय! धुरकट बायका, फुलांच्या माळा, मोठं बूच, सगळी शैली त्यांचीच. चेकोस्लोव्हाकियाचा शिक्का कदाचित नंतर कुठल्यातरी दुकानदाराने मारला असेल.

जुनी_काच

मोगरकळी, वर्णन फार चांगलं दिलंत. टॉर्च आडवा धरून बघणं बहुतेकांना सुचत नाही, आणि तुमच्या पहिल्या बाटलीचा उलगडा त्यातच आहे.

बाटल्यांकडे वळण्याआधी नोंदवहीबद्दल सांगतो. 'मेकर' असा एकच रकाना ठेवू नका, चार ठेवा. परफ्यूम विकणारी कंपनी, काच घडवणारा कारखाना, डिझाइन करणारी व्यक्ती, आणि फवारा किंवा धातूचं काम असेल तर ते करणारा. ही चार नावं एकाच बाटलीवर वेगवेगळी असू शकतात, आणि बुडावरची खूण त्यातल्या एखाद्याबद्दलच बोलत असते. दुसऱ्या महायुद्धानंतर शियापारेली या फॅशन डिझायनरने 'ल र्वा सोलेय' हे परफ्यूम काढलं, त्याच्या बाटलीचं डिझाइन साल्वादोर दालीचं आणि क्रिस्टल बकाराचं. लाँव्हँच्या 'आर्पेज'ची १९२७ ची काळी गोल बाटली घ्या. तिचा आकार आर्मां राटो यांचा आणि तिच्यावरचं आई आणि मुलीचं सोनेरी चित्र पोल इरिब यांचं. इथे डिझायनरच्या एका रकान्यातच दोन माणसं बसतात. 'ही कोणाची?' असा एकच प्रश्न विचारला की जे नाव सगळ्यात मोठं ते बाकीच्यांना गिळून टाकतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण काच फुंकणारे, दाबणारे, घासणारे लोक आधीच निनावी राहिलेत. निदान त्यांच्या कारखान्याचं नाव तरी जागेवर राहावं.

आता पहिली. गंधवेडा, शैलीवरून कारखाना ठरवता येत नाही, आणि या बाबतीत तर मुळीच नाही. लालिकची धुरकट-चकचकीत काच १९२० च्या दशकात इतकी गाजली की बोहेमियातल्या (म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या) कारखान्यांनी त्या धाटणीचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. तेही उत्तम केलं, नुसती नक्कल म्हणून हिणवण्यासारखं ते नाही. रने लालिक यांचे कारखाने फ्रान्समध्ये होते: आधी पॅरिसजवळ कों-ला-व्हील इथे आणि १९२१ पासून अल्सासमधल्या विंगेन-सुर-मोदेर इथे. चेकोस्लोव्हाकियात त्यांची भट्टी नव्हती. तेव्हा शिक्का आणि सही या दोघांपैकी एकच खरं असू शकतं.

पुसट, ॲसिडने उमटवलेला, अंडाकृती 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' हा शिक्का निर्यातीच्या मालावर नेहमी सापडतो. तो नंतर मारण्यात कोणाचाच फायदा नाही. सहीचं उलट आहे. रने लालिक १९४५ मध्ये गेले, त्यानंतर कारखाना 'लालिक फ्रान्स' असं लिहू लागला. 'आर' हे अक्षर त्यामुळे त्यांच्या हयातीतल्या कामाची ओळख मानलं जातं, आणि नकली सही करणारा नेमकं तेच आधी कोरतो. लालिकची खरी सही अनेक तऱ्हांची असते: साच्यातूनच उठलेली, ॲसिडने उमटवलेली, चाकावर कोरलेली किंवा टोकदार हत्याराने हाताने लिहिलेली. 'हाताने कोरलीय म्हणून खोटी' असं म्हणून मोकळं होता येणार नाही.

बघायचं ते असं. दहापटीचं भिंग घ्या. इतकी वर्षं टेबलावर ठेवून-उचलून बुडावर बारीक चरे पडलेले असतात, सगळ्या दिशांनी, जिथे बूड टेकतं तिथे दाट. सही जुनी असेल तर ते चरे अक्षरांच्या काठांवरूनही गेलेले दिसतात आणि काठ थोडे बोथट झालेले असतात. सही नंतरची असेल तर अक्षर चऱ्यांना कापत जातं, आणि खोबणीत पांढरट, ताजा चुरा झाल्यासारखी काच दिसते. फिरत्या छोट्या हत्याराने कोरलेलं अक्षर वळणावर थरथरतं. एवढं पाहून इथे सांगा.

आणखी एक. बुचाच्या आणि बाटलीच्या कडा, पायाजवळचा भाग, आकृत्यांच्या खालचे कोपरे सावकाश तपासा. साच्यातून उठलेलं एक इवलं फुलपाखरू सापडतंय का? ती बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावच्या हाइनरिक हॉफमान यांची खूण. त्याच भागातल्या श्लेव्होग्ट यांची १९३४ पासूनची 'इंग्रिड' मालिकाही अशाच कामासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरी बाटली. आत्यांचं प्रश्नचिन्ह अगदी योग्य जागी आहे, ते पुसू नका. डेव्हिलबिस ही ओहायोतल्या टोलीडोची कंपनी. तिची सुरुवात घशात औषध फवारायच्या उपकरणांपासून झाली, पुढे तोच फवारा परफ्यूमसाठी आला. ती काच स्वतः ओतत नव्हती. रिकाम्या बाटल्या बाहेरून यायच्या: स्ट्युबेन, ड्युरँड, केंब्रिज, फेंटन अशा अमेरिकी कारखान्यांतून, आणि बोहेमियातूनही. डोक्यावरचं नाव म्हणजे डोक्याचं नाव. त्यातही डोकं बदललेलं असू शकतं, कारण काचेच्या मानेवर धातूची कडी प्लॅस्टरने बसवलेली असते आणि डोकं तिच्यावर फिरवून लावतात. बुडावर सोनेरी अक्षरांत किंवा ॲसिडने 'डेव्हिलबिस' लिहिलेलं सापडलं तर बाटली आणि डोकं एकत्र विकलं गेलं होतं याला आधार मिळतो. तेही कारखाना सांगणार नाही.

सोनेरी झळाळीची काच स्ट्युबेनने 'ऑरीन' नावाने केली, ती फ्रेडरिक कार्डर यांची, १९०४ पासूनची. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला व्हिक्टर ड्युरँड यांच्या कारखान्यातही १९२४ ते १९३१ या काळात तशीच झळाळी निघत होती, आणि दोघांनीही डेव्हिलबिसला माल दिला. नुसत्या रंगावरून या दोघांत निवड करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. डिझायनरसाठी मात्र इथे चांगला रस्ता आहे. अमेरिकेत आकारासाठी वेगळं डिझाइन पेटंट मिळतं. त्यात बाटलीचं रेखाचित्र, काढणाऱ्याचं नाव, तारीख आणि हक्क कोणत्या कंपनीकडे गेला हे सगळं असतं. ही पेटंटं ऑनलाइन उघडी आहेत. कंपनीचं नाव आणि १९२० ते १९३५ असा काळ घालून चित्रं चाळा. तुमच्या बाटलीचं चित्र सापडलं तर डिझायनरचा रकाना पुराव्यासह भरता येईल.

तिसरी. 'एच-पी' गुंतलेलं चिन्ह पोशे ए द्यु कुर्व्हाल यांचं. हा फ्रान्समधला १६२३ पासूनचा काच कारखाना, गेर्लांशी त्यांचं नातं फार जुनं. १८५३ ची मधमाश्यांची बाटलीही त्यांचीच. शालिमारची बाटली १९२५ ची, डिझाइन रेमों गेर्लां यांचं, सुरुवातीची काच बकाराची, आणि त्याच वर्षीच्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळालं. पण हा आकार पुढे दशकानुदशकं चालू राहिला आणि वेगवेगळ्या कारखान्यांनी घडवला. बकाराची खूण वर्तुळात असते, आत पेले आणि सुरई. ती नाही आणि 'एच-पी' आहे, तेव्हा तुमची पोशेची. आत्यांना सांगा की यात उणेपणा काही नाही. डिझाइन तेच, परफ्यूम तेच, फक्त कारखान्याच्या रकान्यात खरं नाव. गळ्याला दोरा आणि पातळ पापुद्र्याचं सील शिल्लक असेल तर कृपा करून कापू नका.

लेबल शाबूत आहे हे किती मोठं भाग्य, ते गेर्लांच्याच दुसऱ्या बाटलीवरून कळतं. उलट्या हृदयाच्या बुचाची बाटली १९१२ मध्ये 'लर ब्ल'साठी निघाली आणि १९१९ च्या 'मित्सुको'लाही तीच दिली. लेबल गेलं की आत काय होतं हे बाटलीवरून सांगता येत नाही.

चौथीवर उद्या लिहितो. तोवर बाटलीच्या तोंडाच्या कडेवर आणि बुडाच्या काठावर आणखी एखादा खरवडलेला आकडा आहे का ते बघून ठेवा.

साचेकाम

मी बाटल्यांच्या साच्यांचे नकाशे काढायचं काम करायचो, त्यामुळे परफ्यूमपेक्षा साच्याबद्दल बोलतो.

साच्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात तिथे काचेवर शिवण उठते. यंत्रावर केलेल्या बाटलीत ही शिवण अंगावरून वर चढत थेट ओठावरून पलीकडे जाते, कारण तोंडही यंत्रातच होतं. साच्यात तोंडाने फुंकलेल्या बाटलीत ती ओठाच्या खाली थांबते, कारण तोंड नंतर वेगळं करतात. पण परफ्यूमच्या बाटलीत एक मेख आहे. भारी कारखाने ओठ सपाट घासून पॉलिश करतात आणि अंगावरची शिवणही घालवतात. 'शिवण दिसत नाही' यावरून लगेच 'हातची' असं म्हणू नका. घासलेल्या जागी बोट फिरवा, तिथली काच अंगापेक्षा सपाट आणि थोडी कोरडी लागते. ओठाचा आतला भागही बघा. बूच काचेचं असेल तर तिथे घासून केलेला धुरकट पट्टा हवा.

चौथी क्रिस्टलची, म्हणजे शिसं घातलेल्या काचेची, आहे का हे घरीच तपासता येतं. टिचकी मारून आवाज ऐकायचा उपाय लहान, जाड बाटलीवर चालत नाही. घनता मोजा. साध्या सोडा-चुन्याच्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते, २४ टक्के शिसं असलेल्या क्रिस्टलची २.९ च्या वर. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. बूच कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, बूच दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण भांड्याच्या तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंमी बुचाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. बूच भरीव असतं म्हणून सोपं पडतं, आणि बाटलीचं लेबल भिजवावं लागत नाही.

मोगरकळी

जुनी_काच काका, साचेकाम दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी आत्या शेजारी बसून होती आणि मी एकेक वाचून दाखवत होते.

पहिलीच्या बुडावरचे जुने चरे अक्षरांपाशी तुटतात. म्हणजे अक्षर त्यांच्यावरून गेलंय. खोबणीत पांढरट चुरा दिसतो, 'क्यू'च्या शेपटाला तर हत्यार घसरल्यासारखा फाटा फुटलाय. आणि फुलपाखरू सापडलं! बुचाच्या खालच्या कोपऱ्यात, माळेच्या शेवटच्या पानाला खेटून, जेमतेम २ मिमीचं. आत्याला भिंगातून दाखवलं तर तिलाही पंख दिसले. लालिक नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, 'मग हॉफमान लिही, एवढी वर्षं बिचाऱ्याचं नाव चुकीचं घेतलं.'

दुसरीच्या बुडावर सोनेरी अक्षरांचे अवशेष आहेत, 'डेव्ही' एवढंच वाचता येतं.

चौथीचं बूच कोरडं ३८.४ ग्रॅम, पाण्यात काटा १५.५ दाखवतो. भागाकार २.४८. म्हणजे साधी काच, बकारा नाही, असंच ना? आणि हो, बाटलीच्या ओठावर आकडा सापडला, पण तो '५२' आहे.

जुनी_काच

'५२' वाचलं आणि चौथीचं उत्तर लांबणीवर टाकलं ते बरं झालं असं वाटलं.

काचेचं बूच आणि मान हे जोडीने घासतात. एमरीची (घासायच्या कठीण दगडाची) पूड आणि पाणी घालून ते बूच त्याच मानेत फिरवत राहायचं, हवाबंद बसेपर्यंत. असं बसवलेलं बूच त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बाटलीतही नीट बसत नाही. पुढे धुताना, पॉलिश करताना जोड्या फुटू नयेत म्हणून दोघांवर एकच आकडा खरवडतात. तो मॉडेल नंबर नसतो. बुचावर ३७ आणि बाटलीवर ५२, म्हणजे हे बूच या बाटलीचं नाही. तपासायचं असेल तर बूच हलकेच बसवून बोटाने दोन्ही बाजूंना डुलवून बघा. परकं बूच थोडं तरी हलतं, किंवा उंच राहतं.

म्हणून २.४८ हा आकडा खरा असला तरी तो बुचाबद्दल आहे. बाटली अजून तपासलेलीच नाही. तिला लेबल नाही, तेव्हा तीही पाण्यात घालता येईल. साचेकाम, पोकळ वस्तूसाठी कसं करायचं ते सांगाल का?

पहिलीबद्दल. फुलपाखराने हॉफमान नक्की झाले, पण साच्याचे. याब्लोनेत्सच्या परिसरात काम वाटून चालायचं, एकीकडे काच ओतायची, दुसरीकडे दाबायची-घासायची, आणि निर्यात तिसऱ्याच्या नावाने. नोंद 'हाइनरिक हॉफमान, याब्लोनेत्स, साच्यात फुलपाखराची खूण' अशी करा, भट्टीचं नाव मोकळं ठेवा.

काळाच्या बाबतीत सावध राहायला हवं. 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव १९१८ ते १९९२ पर्यंत टिकलं, म्हणून नुसता शिक्का युद्धाआधीचा काळ सिद्ध करत नाही. त्याच भागातल्या देस्ना गावात जुन्या साच्यांतून नंतरही काच दाबली गेली, आणि साचा तोच असेल तर त्यातली खूणही तशीच उठते. आपल्याला कामाच्या दर्जावरच जावं लागतं. जुन्या कामात आकृत्यांच्या मागचे कोपरे आणि बाटलीच्या कडा हाताने पॉलिश केलेल्या असतात, बुचाची जीभ नीट घासून बसवलेली असते, बोटांची पेरं, पाकळ्यांच्या शिरा तीक्ष्ण उठलेल्या असतात. बुडावरचे दाट, सर्व दिशांचे चरेही जुनेपणाच्या बाजूने आहेत. तुमच्या वर्णनावरून मी '१९२० किंवा १९३० चं दशक, संभाव्य' असं लिहीन. 'संभाव्य' हा शब्द गाळू नका.

खोटी सही घासून काढायचा मोह कोणी घातला तर ऐकू नका. ती सही आता या बाटलीच्या इतिहासाचा भाग आहे. नोंदवहीत 'नंतर कोरलेली, खोटी' असं स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या ती दुसऱ्या हातात गेली तरी कोणी फसणार नाही.

गंधवेडा

शैलीवरून मी घाई केली खरी, आता भिंग मागवतोय. एक विचारायचं होतं. डिझायनरची सही बाटलीवर असतेच का कधी? की पेटंट आणि जुन्या जाहिरातींवरच भिस्त?

जुनी_काच

असते, पण मोजक्यांची. लालिक तर होतेच. शिल्पकार ज्युलियन व्हियार यांची 'जे. व्हियार' अशी खूण साच्यातून उठलेली मिळते. मात्र ती डिझाइनची सही. काच बहुधा देपिन्वा या काच कारखान्याकडची असे, म्हणजे तिथेही दोन रकाने दोन नावांनी भरतात. बहुतेक नामवंत बाटल्यांवर डिझायनरचं नाव नसतंच. शियापारेलीच्याच 'शॉकिंग' या परफ्यूमची १९३७ ची धडाच्या आकाराची बाटली लिओनोर फिनी यांची, हे आपल्याला बाटलीवरून नाही तर कागदपत्रांवरून कळतं. 'ओपियम' या परफ्यूमची १९७७ ची बाटली पिएर दिनां यांची, तेही तसंच.

फ्रेंच बाटल्यांवर 'देपोझे' किंवा 'मोदेल देपोझे' दिसलं तर ते कोणाचं आडनाव समजू नका. त्याचा अर्थ डिझाइन नोंदवलेलं आहे एवढाच, पण याचा अर्थ कुठेतरी त्याची नोंद झाली होती असाही होतो, आणि शोध तिथून सुरू होतो. इंग्लिश बाटल्यांवर 'आर-डी' आणि आकडा असेल तर तो १८८४ पासूनचा डिझाइन नोंदणी क्रमांक. त्यावरून वर्ष आणि नोंदवणारा दोन्ही लागतात. त्याआधी, १८४२ ते १८८३, समभुज चौकोनाची खूण वापरत. चांदीची कडी किंवा टोपण असेल तर हॉलमार्कवरून चांदीचं वर्ष आणि शहर कळतं, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. काच त्याच्या थोडी आधीची असू शकते.

नीना रिचीच्या 'लेर द्यु ताँ'च्या बाबतीत खूप गोंधळ बघतो म्हणून सांगतो. परफ्यूम १९४८ चं, दोन कबुतरांची बाटली १९५१ ची आणि ती मार्क लालिक यांची, रने यांची नाही. क्रिस्टलच्या बाटलीवर 'लालिक' लिहिलेलं असतं. त्याच रूपाच्या साध्या काचेच्या बाटल्याही भरपूर निघाल्या, त्यांच्या कारखान्याच्या रकान्यात लालिक लिहायचं नाही.

साचेकाम

पोकळ बाटलीसाठी: भांडं मोठं घ्या, काटा शून्यावर आणा, आणि बाटली भांड्यातल्याच पाण्यात आडवी बुडवून भरू द्या. बाहेरचं पाणी आत घालून बुडवलीत तर आकडा चुकेल. खांद्याच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मग दोऱ्याने उभी लटकवा, तळाला टेकू देऊ नका. बाकी हिशोब बुचासारखाच. पाणी साधारण खोलीच्या तापमानाचं घ्या, गरम नको, जुनी काच तडकते.

मोगरकळी

बाटली कोरडी २१४ ग्रॅम, काटा ७१.५. पुन्हा करून बघितलं, तेवढंच. २.९९ येतात! बूच बसवून डुलवलं तर ते किंचित हलतं आणि एका बाजूला कड उंच राहते.

म्हणजे बाटली क्रिस्टल आणि बूच दुसऱ्याच कुठल्यातरी बाटलीचं. आत्या विचारतेय, आता तरी बकारा लिहायचं का?

जुनी_काच

आत्यांना नमस्कार सांगा. बकारा अजून लिहायचं नाही. शिसं घातलेलं क्रिस्टल फ्रान्समध्ये सॅं-लुई करत होतं, बेल्जियममध्ये व्हाल सॅं-लाँबेर, इंग्लंडमध्ये स्टोरब्रिजचे कारखाने, बोहेमियात तर कितीतरी. उलट 'शिक्का नाही म्हणून बकारा नाही' असंही म्हणता येत नाही, कारण १९३६ च्या आधी बकाराच्या मालावर बरेचदा फक्त कागदी लेबल असे आणि ते धुतलं की गेलं. चौकोनी खांद्यांचा साधा आकार सगळ्यांनीच केला.

नोंद अशी करा: 'परफ्यूम कंपनी अज्ञात. कारखाना अज्ञात. शिसेयुक्त क्रिस्टल, घनता २.९९. ओठावर ५२. बूच दुसऱ्या बाटलीचं, साधी काच, घनता २.४८, आकडा ३७. बकारा असल्याचं ऐकीव, पुरावा नाही.' ऐकीव गोष्टही लिहून ठेवा, ती आत्यांना कोणी आणि केव्हा सांगितली तेही. पुढे जुन्या कॅटलॉगमध्ये हाच आकार मापांसह सापडला तर तोच धागा उपयोगी पडेल. म्हणून उंची, बुडाची रुंदी आणि तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आजच मोजून घ्या.

दुसरीसाठी 'काच: स्ट्युबेन किंवा ड्युरँड, निश्चित नाही' आणि 'फवारा: डेव्हिलबिस, बुडावर सोनेरी अक्षरांचे अवशेष'. ती अक्षरं पुसू नका, ओल्या फडक्यानेही नाही, काचेवरचा तो मुलामा नुसत्या घासण्याने जातो. कडक झालेला रबरी फुगा टाकून न देता वेगळ्या पाकिटात ठेवा, त्याची जाळी आणि शेपटा मूळचा असेल तर डोक्याचा काळ ठरवायला कामाला येतो.

आणि बाकीच्या संग्रहातल्या काचेच्या बुचांचे आकडे एकदा तपासा. ५२ नंबरचं बूच तिथेच कुठेतरी ३७ नंबरच्या बाटलीवर बसलेलं असू शकतं. धुताना दोघांची अदलाबदल झाली असेल तर दोन्ही जोड्या एकदम जुळतील.